तडा दिसला, तर एजंटने किती बोलावं?

प्रश्न : मी नेरूळमध्ये रीसेलची कामं करते. जुन्या सोसायटीतला टॉप फ्लोअरचा फ्लॅट दाखवायला घेतलाय. किचनच्या बीमला खालून लांबट तडा आहे आणि बेडरूमच्या छताला एकाच कोपऱ्यात ताजा रंग. मालक म्हणतात, "तुम्ही गप्प राहा, पार्टी पळेल." मी इंजिनिअर नाही. किती सांगू?

उत्तर : दिसलं ते सगळं सांगा, निदान मात्र करू नका. "बीमला खालून, लांबीच्या दिशेने दीडेक फुटाचा तडा आहे, कडेला तपकिरी डाग आहे" हे तुम्ही म्हणू शकता. "बीम गेलाय" हे इंजिनिअरने म्हणायचं. आणि "काही नाही हो, पुट्टी मारली की झालं" हेसुद्धा निदानच आहे. आपल्या धंद्यात चुका होतात त्या बहुतेक या दुसऱ्या वाक्यात.

कारण तडे दिसायला सारखे असले तरी सारखे नसतात. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली आडवी रेघ बहुधा प्लास्टरपुरती असते; दोन्ही वस्तू उन्हापाण्यात वेगवेगळ्या हलतात. सळईच्या रेषेत जाणारा तडा वेगळा. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट आतून ढकलते. वर गळकी गच्ची आणि खाडीची खारी हवा असली की हे लवकर होतं. खालून बघून ठामपणे कोणी सांगू शकत नाही.

छताच्या रंगाबद्दल तर्क लढवू नका. मालकांना विचारा : कधी दिला, तेवढाच का दिला? मिळालेलं उत्तर जसंच्या तसं गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर, फोटोसह पाठवा.

मालकांना शांतपणे सांगा की १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, घेणाऱ्याला साध्या नजरेने न कळणारा मोठा दोष माहीत असेल तर सांगणं विकणाऱ्यावरच बंधनकारक आहे. तरी ऐकत नसतील तर काम सोडा. दोन्हीकडून दलाली घेणार असाल तर तेही दोघांना आधी कळू द्या.

टोकन देण्याआधी गिऱ्हाइकाला सेक्रेटरींकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्ट मागायला लावा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. महापालिकेची धोकादायक इमारतींची यादीही पाहा. त्यात सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडायची. इंजिनिअर गिऱ्हाइकानेच नेमावा, फीही त्यानेच द्यावी. तुम्ही नाव सुचवलंत तर त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नका.

प्रश्न : घोडबंदर रोडला नव्या प्रोजेक्टमध्ये २ वर्षांपूर्वी ताबा घेतला. बाथरूमलगतच्या पॅसेजच्या भिंतीला ओल येते. एजंट म्हणतो, "आता माझा काय संबंध?"

उत्तर : दुरुस्तीपुरतं त्याचं खरं आहे. रेरा कायद्याच्या (बिल्डर आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. म्हणून पत्र बिल्डरला, पोच घेऊन.

त्याआधी फ्लोअर ट्रॅप (फरशीतलं पाणी जाण्याचं भोक) घट्ट बंद करून बाथरूममध्ये इंचभर पाणी २४ तास साठवा, पातळीची खूण करा. ओल वाढली तर संशय वॉटरप्रूफिंगवर. नाहीच वाढली तर भिंतीतल्या पाइपलाइनवर. तारखेसह फोटो जोडा.

एजंटने मात्र विकताना खोटी हमी दिली असेल, मग ती लेखी असो वा तोंडी, तर रेराच्याच कलम १० खाली त्याची तक्रार महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, वेगळी करता येते. दंड दिवसाला १०,००० रुपये, जास्तीत जास्त फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. रीसेलच्या जुन्या घरांना रेराचं हे संरक्षण नाही, तिथे पहिल्या उत्तरातला १८८२चा कायदाच कामी येतो.