कबूल एक बोट, मिळाल्या दोन: केरळच्या क्रूझचे पैसे परत मागता येतील का?

प्रश्न: आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही आठ जण केरळला गेलो. नागपुरातल्या एका टूर एजन्सीकडून वेंबनाड सरोवरातल्या चार बेडरूमच्या लक्झरी क्रूझचं तीन रात्रींचं पॅकेज घेतलं होतं. २,२४,००० रुपये आणि ५ टक्के जीएसटी, एकूण २,३५,२००. अलेप्पीला पोहोचल्यावर दोन-दोन बेडरूमच्या दोन साध्या हाऊसबोटी पुढे केल्या. व्हॉट्सअॅपवर चोवीस तास एसी कबूल केला होता, तो रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच मिळाला. दुसऱ्या दिवशी पावसाच्या इशाऱ्यामुळे बोटी धक्क्याला बांधून ठेवल्या. बाकीचे दिवसही संध्याकाळी साडेपाचलाच थांबायच्या. एजन्सी म्हणते, आम्ही फक्त मध्यस्थ. ‘समकक्ष’ बोट देण्याची अट होती. वाद एर्नाकुलमच्या कोर्टातच चालेल. आता २०,००० रुपयांचं व्हाउचर पाठवलं आहे. बुकिंगच्या वेळी त्यांनीच दोन साध्या बोटींचा १,५२,००० रुपयांचा स्वस्त पर्यायही लेखी दिला होता. काय करावं?
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: तुमच्या तक्रारींपैकी साडेपाचची आधी खोडून टाका. वेंबनाडमध्ये हाऊसबोटी त्या सुमाराला किनाऱ्याला लागतातच, कारण त्यानंतर मच्छीमारांची जाळी पडतात. लाखाची बोट असो की दहा हजारांची, नियम तोच. हा मुद्दा तक्रारीत राहिला तर समोरचा वकील सुरुवात त्यानेच करील आणि तुमचं खरं दुखणंही कुरकुर वाटू लागेल.

बदललेली बोट आणि बुडालेला दिवस या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नका. बोट बदलली तो एजन्सीचा दोष. पाऊस कुणाचाच दोष नाही.

बोटीच्या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे, आणि ती भक्कम करणारा कागद एजन्सीनेच दिला आहे. एकाच माणसाने महाग आणि स्वस्त असे दोन दर लिहून दिले, तुम्ही महाग निवडला, पैसे भरले, आणि हातात स्वस्तातला पर्याय आला. ज्या दोन गोष्टींत एजन्सीने स्वतःच ७२,००० रुपयांचा फरक दाखवला, त्या ‘समकक्ष’ कशा? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) प्रमाणे ही सेवेतली त्रुटी आहे. फरकाचे ७२,००० आणि त्यावरचा जीएसटी ३,६०० मिळून ७५,६०० रुपये, ही तुमची पहिली मागणी.

इथे एक खाचखळगा आहे. ‘समकक्ष बोटीची अट अन्याय्य म्हणून रद्द करा’ अशी मागणी करण्याचा मोह होईल. ती करू नका. अन्याय्य कराराची दाद जिल्हा ग्राहक आयोगाला देता येत नाही, त्यासाठी राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. अट आहे तशी राहू द्या. अट पाळलीच गेली नाही, एवढंच म्हणा.

बुडालेल्या दिवसाचं उत्तर इतकं सरळ नाही. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट म्हणजे बंदी नव्हे. बंदी येते ती जिल्हा प्रशासनाच्या आदेशाने. त्या तारखेचा आदेश किंवा प्रसिद्धिपत्रक मिळवा आणि वेळ तपासा. बंदी दुपारी उठली असेल आणि बोट तरीही हलली नसेल, तर पुढचे तास एजन्सीच्या खात्यात जातात. बंदी दिवसभर असेल तर भरपाई मागता येणार नाही. मात्र न दिलेल्या सेवेचे पैसे करार कायद्याच्या कलम ५६ आणि ६५ च्या आधारे परत मागता येतील. हा युक्तिवाद पहिल्याइतका पक्का नाही, शिवाय तुम्ही त्या दिवशी बोटीवर राहिलात, जेवलात. म्हणून पूर्ण दिवसाचे पैसे मागू नका. हिशेबही १,५२,००० वरच करा, कारण वरचा फरक तुम्ही आधीच मागितला आहे. त्याचा तिसरा हिस्सा सुमारे ५०,६६७. त्यातले निम्मे, म्हणजे २५,००० रुपये मागणं रास्त.

‘आम्ही फक्त मध्यस्थ’ याचं उत्तर तुमच्या बिलात आहे. जो खरोखर दलाल असतो तो स्वतःच्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लावतो. पूर्ण रकमेवर ५ टक्के लावणारा टूर ऑपरेटर म्हणून पॅकेज विकत असतो. दुसरं, पैसे भरण्याआधी बोटमालकाचं नाव तुम्हाला कळवलं होतं का, ते जुन्या मेसेजमध्ये पाहा. कळवलं नसेल, तर करार कायद्याच्या कलम २३० नुसार एजंट स्वतःच जबाबदार आहे असं गृहीत धरलं जातं. तरीही बोटमालकाला दुसरा विरुद्ध पक्ष करा, नाहीतर ‘आवश्यक पक्ष जोडला नाही’ ही पळवाट उरते. फोटोत बोटीच्या अंगावरचा नोंदणी क्रमांक दिसत असेल तर त्यावरून माहिती अधिकारात बंदर कार्यालयाकडून मालकाचं नाव, सर्व्हे प्रमाणपत्राची (बोट तपासून सुरक्षित ठरवल्याच्या दाखल्याची) मुदत आणि परवानगी असलेली प्रवासीसंख्या मागवा. मुदत संपलेली निघाली तर प्रकरण पैशांपुरतं राहत नाही. मे २०२३ मध्ये केरळात तानूरला प्रवासी बोट उलटून २२ जीव गेले होते.

एर्नाकुलमची भीती बाळगू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नागपूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. छापील अट हा हक्क काढून घेऊ शकत नाही. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.

आधी एजन्सीला पोच मिळणाऱ्या स्पीड पोस्टने १५ दिवसांची नोटीस पाठवा. ती सक्तीची नाही, पण पुढे कामी येते. मग ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार, प्रतिज्ञापत्र, बिल, दोन्ही दरपत्रकं, बँकेचा उतारा आणि फोटो टाका. व्हॉट्सअॅपच्या संभाषणासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा, आणि निकाल लागेपर्यंत तो मोबाइल विकू नका. तक्रारदार ज्याच्या नावे बिल आहे तो. आईवडिलांनाही लाभार्थी म्हणून सोबत घ्या, कारण दोन बोटींत कुटुंब विभागलं गेल्याचा त्रास त्यांनीच सोसला. मानसिक त्रासापोटी ४०,००० आणि खर्चापोटी १५,००० मागा. पाच-दहा लाखांचे आकडे टाकून काही साधत नाही.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात जास्त धरून चला. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर जा. रोख ९०,००० च्या आसपास देत असतील तर मी घ्या म्हणेन.

व्हाउचर मात्र वापरू नका, त्याच्या लिंकवरही क्लिक करू नका. अनेकदा तिथेच ‘पूर्ण व अंतिम तडजोड मान्य’ असा चौकोन असतो. आजच एका ओळीचा ईमेल टाका: व्हाउचर नामंजूर, पैशांचा हक्क कायम.