आवक नाही, नुसती जावक?

काकांचं वय ६१, टाइप २ मधुमेह ११ वर्षांचा. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील थोडे बदलले आहेत. डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवताना चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं, 'व्यायाम बंद केलाय. का, ते विचारा.'

विचारावं लागलंच नाही. बसल्याबसल्या काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मोबाइलवर वाचलेली दोन वाक्यं त्यावर उतरवून घेतली होती. मधुमेहात स्नायूंमधल्या मूलपेशी दुबळ्या होतात. व्यायामाने स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते. खाली रेघ ओढून त्यांनी स्वतःचा निष्कर्ष लिहिला होता: 'रोज फाटणार, शिवणारं कोणी नाही.'

उभी हयात त्यांनी गोदामातल्या मालाच्या नोंदी ठेवण्यात घालवलेली. "आवक नाही, नुसती जावक," ते म्हणाले. "असा साठा किती दिवस पुरणार?" एक दिवस उठाबशा काढल्यावर मांड्या तीन दिवस ठणकत होत्या, हा त्यांच्या मते पुरावा.

"काका, दोन्ही वाक्यं खरी आहेत," मी म्हटलं. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की, यासाठी का आणलं यांना इथे! पण जे खरं आहे ते खोटं ठरवून माणसाला व्यायामाला लावलं, तर पुढचा मजकूर वाचताच तो पुन्हा थांबतो. चूक वाक्यांत नव्हती, रेघेखालच्या बेरजेत होती.

स्नायूंमधल्या या मूलपेशींना सॅटेलाइट पेशी म्हणतात. १९६१ मध्ये अलेक्झांडर मौरो यांनी बेडकाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्या टिपल्या. तंतूचं आवरण आणि त्यावरचा बाहेरचा पातळ थर, यांच्या फटीत त्या चिकटून बसलेल्या असतात, एरवी निद्रिस्त. तंतूतली केंद्रकं स्वतः विभागत नाहीत. त्यामुळे तंतू दुखावला की डागडुजीचं काम या पेशींवर येतं. त्या जाग्या होतात, विभागतात आणि तंतूला जाऊन मिळतात.

"म्हणजे वापरल्या की संपल्या."

इथेच त्यांची नोंदवही चुकत होती. विभागून झालेल्या सगळ्याच पेशी कामाला जात नाहीत. काही परत त्याच फटीत जाऊन झोपतात, पुढच्या वेळेसाठी. माल बाहेर काढतानाच त्याची भरपाई होते, असं हे गोदाम. काका गप्प झाले. मग म्हणाले, "असं गोदाम मी पाहिलेलं नाही."

मग मधुमेहात बिघडतं काय? मधुमेही उंदरांत इजेनंतर या पेशी नीट जाग्या होत नाहीत, दुरुस्ती रेंगाळते, हे दिसलेलं आहे. पण उंदीर म्हणजे काका नव्हेत. माणसांच्या काही अभ्यासांत, टाइप २ मधुमेह असलेल्या ज्येष्ठांत या पेशींची संख्या त्यांच्याच वयाच्या इतरांपेक्षा कमी आढळली नाही. अडचण मोजणीपेक्षा त्या पेशी राहतात त्या जागेची जास्त आहे. रक्तात सतत चढलेली साखर, रेंगाळलेली सूज, तंतूंच्या आजूबाजूला साठलेली चरबी, अपुऱ्या केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या. या पेशी बहुधा केशवाहिन्यांच्या जवळ राहतात, हे लक्षात घेतलं की व्यायामाचं महत्त्व वेगळंच दिसू लागतं. नियमित चालण्याने स्नायूत केशवाहिन्या वाढतात. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतो, आणि पुढचा एखाद-दुसरा दिवस इन्सुलिनलाही जास्त दाद देतो. म्हणूनच सलग दोनहून अधिक दिवस व्यायामाविना जाऊ देऊ नयेत, असं मधुमेहींना सांगतात.

चालण्याने या पेशींची संख्या वाढेलच, असं मात्र नाही. वयानुसार त्या मुख्यतः जलद, म्हणजे झटकन आकुंचन पावणाऱ्या तंतूंजवळ घटतात, आणि हेच तंतू पटकन उठताना, तोल सावरताना लागतात. निरोगी ज्येष्ठ पुरुषांनी १२ आठवडे वजनाचे व्यायाम केले, तेव्हा या तंतूंजवळच्या पेशी वाढलेल्या आढळल्या. म्हणून चालणं हवंच, पण आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, ताकदीचा व्यायामही हवा.

काकूंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "अहो, पण यांच्या पायाची जखम दोन महिने भरत नव्हती. आत फाटलेलं कसं भरेल?" ही भीती मी फार जणांकडून ऐकते. पायाची जखम चिघळते त्यामागे बधिर झालेल्या नसा, अपुरा रक्तपुरवठा आणि जंतुसंसर्ग असतो. व्यायामानंतरचं दुखणं ही उघडी जखम नव्हे. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं आणि ओसरतं, आणि तोच व्यायाम पुन्हा केला की कमी दुखतं. काकांनी नेमक्या त्या दुसऱ्या खेपेआधीच वही मिटली होती. लघवी गडद रंगाची झाली, एकच मांडी अचानक सुजून दुखू लागली, तर मात्र थेट डॉक्टर गाठायचे.

सुरुवात खुर्चीपासून केली. हात छातीवर, ३० सेकंदांत जितक्या वेळा उठता येईल तितकं. ८ वेळा जमलं. त्याआधी डोळ्यांची तपासणी करून घ्यायला लावलं, कारण पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर श्वास रोखून जोर लावणं महागात पडतं. पाय रोज पाहायचे ठरलं. त्यांच्या गोळ्यांत साखर गरजेपेक्षा जास्त खाली उतरवू शकणारी एक गोळी होती, म्हणून व्यायामाआधी साखर ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खायचं, हेही.

तिसऱ्या आठवड्यात ते चिडून आले. सकाळची साखर तशीच. स्नायू घडायला महिने लागतात, आणि एचबीए१सी ही रक्तचाचणी साधारण गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब दाखवते, हे मी सांगितलं. पटलं नाही त्यांना, पण सोडलंही नाही. चार महिन्यांनी एचबीए१सी थोडं उतरलं. मधल्या काळात डॉक्टरांनी औषधही बदललं होतं, त्यामुळे श्रेय कुणाचं किती, हे मी सांगणार नाही. खुर्चीवरून उठणं मात्र ८ चं १३ झालं होतं, आणि ते औषधाच्या खात्यावर टाकायला माझं मन तयार नाही.

वही त्यांनी टेबलावर उघडली. तारीख, उठण्याची संख्या, आधीची साखर, दुखणं किती दिवस. शेवटच्या रकान्यात आधी ३, मग २, मग १, आणि पुढे नुसत्या आडव्या रेघा. काकू म्हणाल्या, "आता मलाही मोजायला बसवतात." काकांनी पान उलटून दाखवलं. काकूंचं वेगळं खातं उघडलेलं होतं, पहिल्या दिवशीचा आकडा ११.