ठंडाईच्या सिरपवर तेलाचा तवंग का येतो?

प्रश्न : होळीसाठी घरी केलेल्या ठंडाईच्या सिरपवर दोन दिवसांत तेल तरंगते आणि तळाशी चोथा बसतो. काय चुकते? शिवाय यात भांग घातली तर चालेल का?

उत्तर : बदामात जवळपास निम्मा भाग तेलच असते, खसखसही तेलकट, पाकात मात्र पाणी आणि साखर, त्यामुळे दोघांना धरून ठेवणारे काहीतरी लागतेच. भिजवलेले वाटण मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळावे, म्हणजे चोथ्याचा प्रश्न मिटेल. तेलासाठी, एक लिटर सिरपला अडीच-तीन ग्रॅम सोया लेसिथिन (सोयाबीनपासून मिळणारा, तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) वाटणातच घालून मिक्सर तीन-चार मिनिटे फिरवावा आणि मग कोमट पाक बारीक धारेने सोडावा. उकळता पाक ओतला की दूध फाटल्यासारखे दिसते. लेसिथिनऐवजी डिंक वापरायचा असल्यास बाभळीचा, रात्रभर पाण्यात विरघळवून. लाडवांसाठी तुपात फुलवलेला इथे निरुपयोगी. एवढे करूनही बाटली हलवावी लागली, तर त्यात कमीपणा नाही. सिरप फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावे.

भांगेचे म्हणाल, तर महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार ती परवान्याशिवाय बाळगता येत नाही, म्हणून तिची कृती आम्ही देत नाही. मिरी आणि बडीशेप थोडी वाढवा.