पांढरं रेशन कार्ड आणि अँजिओप्लास्टी: योजना नेमकी अडते कुठं?

वडिलांना अँजिओप्लास्टी सांगितलीय, कार्ड पांढरं आहे, हॉस्पिटलवाले 'योजनेत बसत नाही' म्हणतायत आणि खासगी पॉलिसी काढू का, असं तुम्ही विचारलंय.

रंगाचं कारण सांगत असतील तर ते साफ चूक. महात्मा फुले योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, पूर्वी पिवळं-केशरी कार्ड आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाख असं होतं. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाचा निर्णय झाला आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्यालाही पाच लाखांचं संरक्षण लागू झालं. फक्त ते हॉस्पिटल योजनेच्या यादीत पाहिजे.

खरी मेख पॅकेजमध्ये आहे. पाच लाख तुमच्या हातात येत नाहीत. सरकारनं प्रत्येक उपचाराचा दर ठरवलाय आणि त्यातच स्टेंट, औषधं, बेड, जेवण सगळं. रोख भरणाऱ्या पेशंटकडून हॉस्पिटलला त्याच कामाचे कितीतरी जास्त मिळतात, वर सरकारी बिलाची वाट बघावी लागते ती वेगळीच. मग 'योजनेचे बेड फुल आहेत' हे ऐकायला मिळतं. लबाडी असतेच, पण दर परवडत नाही ही त्यांची तक्रारही अगदीच खोटी नाही.

माझ्या मेव्हण्याच्या वेळी इथल्याच, कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात 'आधी चाळीस हजार भरा, मंजुरी आली की परत देतो' म्हणाले. भरले नाहीत. आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या माणसाचं टेबल जिन्याखाली, मेडिकलच्या खोक्यांआड; माणूस जेवायला गेलेला. तासाभरानं आला, कागद बघितले आणि म्हणाला, "रेशन कार्डावर बाळू, आधारवर बाळासाहेब. हे कोण?" आमच्याकडं निम्मं गाव असंच आहे! पुरवठा खात्यात नाव दुरुस्त करून आणण्यात दोन दिवस गेले. मग बेडवरचा फोटो, अँजिओग्राफीची सीडी अपलोड, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुरी. म्हणून आजच वडिलांची दोन्ही कार्डं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

सीपीआरमध्येही, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, विचारून या. एक घोळ मात्र होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात सगळं मोफत झालं, ते सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांपुरतं, म्हणजे कसबा बावड्याचं सेवा रुग्णालय वगैरे. सीपीआर मेडिकल कॉलेजचं, खातंच वेगळं. तिथं केसपेपरचे पैसे मागितले म्हणून वाद घालू नका, अँजिओप्लास्टी योजनेतून करायचीय एवढंच सांगा.

वडील सत्तरीच्या पुढचे असतील तर केंद्र सरकारचं मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्न कितीही असो, आधारवर मिळतं.

पॉलिसीचं म्हणाल तर वडिलांच्या आत्ताच्या दुखण्याला ती उपयोगाची नाही. आधीपासूनच्या आजाराचा खर्च विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत नाकारू शकते. तुमची स्वतःची मात्र जरूर काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय.

उद्या काउंटरवर पुन्हा नाही म्हणाले तर 'कारण लेखी द्या' म्हणा आणि तिथंच उभं राहून योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला फोन लावा. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलमधून आधीच काढून ठेवा. आणि ते हॉस्पिटल यादीत आहे का, ते इथं लिहा, पुढचं बघू.