निळ्या नक्षीचा तुकडा

पुणे, मार्गशीर्ष

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू घरी आलीस तेव्हा निघता निघता दारात विचारलंस, "मॅडम, सातवाहन थरापर्यंत पोचायला किती दिवस लागतील?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि तू गेल्यावर तोच प्रश्न घेऊन बसले. माझ्या पहिल्या हंगामात मीही हेच विचारलं होतं. त्या घाईने माझ्याकडून जे बिघडलं, ते तुला कधी सांगितलेलं नाही. सोमवारी पहाटे किनाऱ्यावरच्या उत्खननाला जायला तू स्वारगेटवरून एसटी पकडशील, त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडायला हवं.

किनाऱ्यावरचंच गाव होतं. नारळाच्या वाडीत पाच बाय पाच मीटरचा ट्रेंच, म्हणजे खणायचा आखलेला चौकोन, माझ्याकडे होता. दीडेक मीटर खाली गेल्यावर चक्राकार नक्षीची ती गुळगुळीत खापरं यायला लागली. ही 'रूलेटेड वेअर', सातवाहन काळातली भांडी, हातात आल्यावर काय होतं ते तुला लवकरच कळेल. त्याच घमेल्यात, त्याच मातीत, चिनी मातीच्या भांड्याचा एक निळ्या नक्षीचा तुकडा होता. सातवाहन काळाच्या थरात हजार-बाराशे वर्षांनंतरचं भांडं! मी ठरवलं की तो वरून घरंगळला असणार. संध्याकाळी तो मुकाट्याने वरच्या थराच्या पिशवीत टाकला आणि वहीत त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. माझा थर स्वच्छ राहिला.

पुढच्या आठ दिवसांत तसे आणखी चार-पाच तुकडे आले. त्यांचीही मी तशीच वाट लावली.

तीन आठवड्यांनी सेक्शन, म्हणजे ट्रेंचचा उभा कापलेला छेद, वाळला. एका संध्याकाळी तिरप्या उन्हात ट्रेंचच्या भिंतीवर एक फिकट कड दिसली, वर रुंद आणि खाली निमुळती. तो खड्डा होता. केव्हातरी कुणीतरी वरच्या घराच्या जमिनीवरून तो खणला होता आणि जुने थर कापत थेट खाली नेला होता. निळा तुकडा पहिल्या दिवसापासून मला हेच सांगत होता. तोवर खड्ड्यातली माती आणि थरातली माती आम्ही एकाच पिशव्यांत भरली होती. त्या आठ दिवसांच्या खापरांवरून आजही कुणी काही सांगू शकत नाही. ती माती परत आत भरून पुन्हा खणता येत नाही, गं.

म्हणून सांगते, अनेक काळांच्या जागी सगळ्यात आधी खड्डे शोध. किनाऱ्यावर तर ते पावलोपावली असतात. नारळ लावायला खड्डा, विहिरीला खड्डा, कचऱ्याला खड्डा, जुन्या भिंतीच्या विटा काढून न्यायला चर. शिवाय खेकड्यांची आणि उंदरांची बिळं वेगळीच. रोज काम सुरू करताना ट्रेंचचा तळ ट्रॉवेलने, आपल्या छोट्या थापीने, हलका खरवड, वर पाण्याचा बारीक फवारा मार आणि पाच मिनिटं नुसती बघत बस. खड्ड्यातली माती भुसभुशीत असते, ओल वेगळी धरते, वेगळ्या वेगाने वाळते. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन चुकवू नकोस, दुपारी बाराला सगळं सपाट दिसतं. कड दिसली की आधी खड्डा रिकामा कर, त्याला स्वतंत्र क्रमांक आणि स्वतंत्र पिशवी दे, मगच थराला हात लाव. जे शेवटी झालं ते आधी काढायचं. आणि कुदळ चालवणाऱ्या काकांना विचारत जा. माती बदलली की कुदळीचा आवाज बदलतो आणि तो त्यांना आपल्याआधी ऐकू येतो. माझ्या त्या ट्रेंचमध्येही काका दुसऱ्याच दिवशी म्हणाले होते, "ताई, हितं माती पोकळ लागते." मी मान डोलावली आणि पुढे गेले.

रविवारी मोकळी असशील तर पेठांत एक चक्कर मार. पाइप टाकायला कुठे ना कुठे रस्ता खणलेला सापडेलच. कडेला उभी राहा आणि भिंत वाच. वर डांबर, मग खडी, मुरूम, विटांचा चुरा, राख, नशीब असेल तर खाली काळी माती. त्यात जुन्या पाइपाचा बुजवलेला चर शोध, तो कोणत्या पातळीवरून सुरू होतो ते बघ आणि वहीत काढ. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत नाव येणारं हे गाव आहे. सरावाला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

आता सोपाऱ्याचं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणतात तो स्तूप उघडला. आत दगडी करंडक, त्यात तांब्याचा, त्यात चांदीचा, असे एकात एक करंडक थेट सोन्याच्या डबीपर्यंत. सोबत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. पण तांब्याच्या करंडकाभोवती ज्या आठ कांस्यमूर्ती बसवल्या होत्या, सात बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय, त्या शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या ठरतात. म्हणजे स्तूप मधे केव्हातरी उघडून, मूर्ती ठेवून पुन्हा बंद केला गेला. नुसतं नाणं जपून मूर्ती 'चुकून आलेल्या' म्हणून बाजूला टाकल्या असत्या, तर शेकडो वर्षांनी तिथे परत आलेली ती श्रद्धाळू माणसं आपल्याला कधीच भेटली नसती. थरातली सगळ्यात नवी वस्तू थराचा काळ ठरवते, हे तू परीक्षेत लिहिलंस. ट्रेंचमध्ये मात्र मन नेहमी सगळ्यात जुन्या वस्तूकडे धावतं.

तुमच्या हंगामातही, रोमशी चालणाऱ्या जुन्या व्यापारामुळे, 'रोमन' शब्द दिवसातून दहा वेळा कानावर येईल. येऊ दे. पण वरचे थर सोलून फेकायची चीज नाही. आपलं चौल बघ. ग्रीकांचं सेमिल्ला, कान्हेरीच्या लेखांतलं चेमुल, अरबांचं सैमूर. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल मसूदी तिथे आला, तेव्हा सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेली मुसलमान वस्ती त्याने दहा हजारांच्या घरात नोंदवली. पुढे शेजारी रेवदंड्याला पोर्तुगीजांचा कोट उभा राहिला, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. या सगळ्यांनी तिथे चुली पेटवल्या, भांडी फोडली, मासे खाऊन काटे टाकले. त्यांतल्या कुणाचं जगणं 'वरचा भराव' या दोन शब्दांत उरकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आणि न ओळखलेलं खापर टाकू नकोस. आतून काळं डांबर लावलेल्या लांबट निमुळत्या रांजणांचे तुकडे आपल्याकडे कित्येक वर्षं रोमन मद्यकुंभांचे म्हणून पेट्यांत पडून होते. पुढे कळलं की ते इराक-इराणकडचे, 'टॉर्पेडो जार'. पेट्या होत्या आणि पेट्यांवर थराचे क्रमांक होते, म्हणून त्यांचं सगळं गणित नव्याने मांडता आलं.

खाऱ्या जमिनीबद्दल थोडं. खापरं एकदाच धुऊन उन्हात टाकू नका. आतलं मीठ वाळताना वर येतं आणि पृष्ठभागाचे पापुद्रे काढतं. गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा. खाली ओल्या चिखलात लाकूड लागलं तर ते ओलंच ठेवून आधी साइट डायरेक्टरना बोलाव. केरळात पट्टणमला अशाच पाणथळ थरांत होडी आणि सागाचे खुंट टिकून राहिले होते. वाऱ्यावर राहिलं तर लाकूड तासाभरात तडकायला लागतं. कार्बन कालमापनाला शिंपले पाठवलेत तर ते समुद्री आहेत हे ठळक लिही. समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असल्यामुळे त्यांचं वय साधारण चारेकशे वर्षांनी जास्त दिसतं, ती दुरुस्ती करावी लागते.

वाडीच्या मालकांकडे पहिल्याच दिवशी जाऊन ये. त्यांच्या आजोबांनी विहीर कुठे बुजवली हे तुला दुसरं कोण सांगणार?

पिशवीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिही, पेनची शाई दमट हवेत पसरते. क्रमांक, थर, खोली, तारीख. आणि थरात न बसणारा तुकडा आला तर तो त्याच थराच्या पिशवीत राहू दे, वहीत त्याच्यासाठी अर्धं पान सोड. पहिल्या आठवड्याच्या सेक्शनचं रेखाटन फोटो काढून मला पाठव. रात्री नऊनंतर फोन कर, मी जागी असते.

तुझी,
मॅडम