गरोदरपणात अधूनमधून थोडी वाइन किंवा हुर्राक चालते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शिमग्याला वेंगुर्ल्याकडे सासरी आला होतात, पाळी चुकायला अजून चार-पाच दिवस होते, दिवस गेल्याची कल्पना नव्हती, आणि सगळ्यांसोबत दोन ग्लास हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, घेतलीत. आता पाचवा महिना चालू आहे आणि गटारीला पुन्हा घरात मैफल बसणार आहे. इंग्लंडच्या जाऊबाई म्हणतात, 2010 साली त्यांना तिथल्या दवाखान्यातच 'आठवड्यातून एक-दोनदा थोडी चालेल' असं सांगितलं होतं. सासूबाई म्हणतात, थेंबही नको. मग खरं कुणाचं, आणि शिमग्याला झालं त्याचं काय?

मी सिंधुदुर्गातच आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्या वर. पण हा प्रश्न मला दाराआड, नवऱ्याला बाहेर बसवून, हलक्या आवाजात बऱ्याच जणींनी विचारलेला आहे. म्हणून लिहिते.

शिमग्याची काळजी सोडा. गटारीला घेऊ नका.

ही दोन उत्तरं एकमेकांना छेद देतात असं वाटेल. एवढ्याशा दारूने बाळाला अपाय होतो असं ठामपणे दाखवता आलेलं नाही, आणि होत नाही असंही दाखवता आलेलं नाही. जे होऊन गेलं त्याला यातला पहिला भाग पुरेसा आहे. जे अजून आपल्या हातात आहे तिथे दुसरा भाग बघायचा. घेतली नाही तर तुमचं काही जात नाही, घेतली तर काय जाईल ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

आधी शिमग्याचं. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे पहिले साधारण दोन आठवडे प्रत्यक्षात गर्भ नसतोच. पाळी चुकायच्या चार-पाच दिवस आधी तो गर्भाशयात जेमतेम रुजत असतो. वार तयार व्हायची असते, आईच्या रक्ताशी देवाणघेवाण नीट सुरू झालेली नसते. या टप्प्यावर मोठा आघात झाला तर बहुतेक वेळा गर्भ टिकतच नाही, पाळी थोडी उशिराने येते आणि बाईला कळतही नाही. तुमचा टिकला आणि पाचव्या महिन्यात आला. ब्रिटनची आजची मार्गदर्शक सूचना कडक आहे, तरी तीही हेच म्हणते की गरोदर असल्याचं कळण्याआधी थोडी घेतली गेली असेल तर बाळाला धोका असण्याची शक्यता कमी आहे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगून टाका, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल. एवढ्या कारणासाठी गर्भ पाडायचा विचार मनात आणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कृपा करून तसं काही करू नका.

एक मात्र लक्षात घ्या. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत सगळं ठीक आलं म्हणजे पुढे घ्यायला मोकळीक मिळाली, असा अर्थ काढू नका. सोनोग्राफीत हृदय, पाठीचा कणा, हातपाय दिसतात. पुढे शाळेत बाळाचं लक्ष लागेल का, गणित जमेल का, राग आवरता येईल का, हे तिच्यात दिसत नाही. आणि दारूचा मार मुख्यतः तिथेच बसतो.

आता जाऊबाई. त्या खोटं सांगत नाहीत. 2008 पासून इंग्लंडात सल्ला असाच होता: पहिले तीन महिने टाळा, त्यानंतर घ्यायचीच असेल तर आठवड्यातून एक-दोन वेळा, दर वेळी एक किंवा दोन युनिट, त्याहून जास्त नाही. तिथलं एक युनिट म्हणजे 8 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हा सल्ला 2016 साली बदलला. आता तिथेही 'अजिबात न घेणं सर्वांत सुरक्षित' असंच सांगतात. एका घोटाने बाळ बिघडतं असा काही नवा पुरावा सापडला म्हणून बदलला नाही. कुठे थांबायचं ती रेघच सापडली नाही, म्हणून बदलला. अमेरिकेत तर 1981 पासून गरोदर बायकांना नको म्हणून सरकारी सूचना आहे, आणि 1989 पासून तिथल्या प्रत्येक बाटलीवर तसा इशारा छापावा लागतो. आपल्याकडच्या बाटलीवर दारू आरोग्याला हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका एवढंच असतं. गरोदर बाईची ओळ छापायची सक्ती नाही. गंमतच म्हणायची.

रेघ का सापडत नाही, तेही सांगते. खूप पिणाऱ्या बायकांच्या बाळांचं चित्र स्पष्ट आहे. 1968 साली फ्रान्समध्ये लेमोइन नावाच्या डॉक्टरांनी अशा 127 मुलांची नोंद केली. 1973 साली अमेरिकेत जोन्स आणि स्मिथ यांनी त्याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव दिलं. डोळ्यांच्या फटी लहान, वरचा ओठ पातळ, नाकाखालची खाच सपाट, वाढ खुंटलेली, बुद्धीवर परिणाम. थोडी घेणाऱ्यांचं मात्र असं सरळ दिसत नाही. ब्रिटनमध्ये हजारो मुलांचा पाठपुरावा झाला, तेव्हा कमी घेणाऱ्या आयांची मुलं न घेणाऱ्यांच्या मुलांपेक्षा मागे नव्हती, काही बाबतींत तर थोडी पुढेच होती. लोक ही बातमी फार आवडीने पसरवतात. पण जेवणासोबत एक ग्लास वाइन घेऊन थांबणारी तिथली बाई बहुधा शिकलेली, पैसेवाली, वेळेवर तपासण्या करणारी असते. तिचं मूल पुढे असण्याचं श्रेय वाइनला द्यायचं की तिच्या घराला? डेन्मार्कमध्ये 2012 साली पाच वर्षांच्या मुलांची बुद्धी तपासली, त्यातही कमी घेणाऱ्यांच्या मुलांत फरक दिसला नाही. तरीही संशोधकांनी न घेण्याचाच सल्ला दिला. 2017 साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी आठवड्याला 32 ग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांवरचे सगळे अभ्यास एकत्र केले, तर ते फारच थोडे निघाले. त्यात बाळ वयाच्या मानाने लहान राहण्याची शक्यता किंचित वाढलेली दिसली. बाकी बाबतींत हो किंवा नाही म्हणण्याइतकी माहितीच नव्हती.

त्यात प्रत्येक बाई सारखी नसते. दारूचा निचरा करणारी एन्झाइम्स कुणाच्या अंगात जोरात काम करतात, कुणाच्या मंद. वय, वजन, पोटात अन्न आहे की नाही, यावर रक्तातलं प्रमाण बदलतं. बाळाला तर सवलत अजिबात नसते. दारू वारेतून आरपार जाते आणि थोड्याच वेळात बाळाच्या रक्तात जवळपास आईइतकीच होते. त्याचं यकृत अजून कच्चं असतं, त्यामुळे निचऱ्याचं काम मुख्यतः आईच्या शरीरावरच पडतं. बाळाच्या लघवीतून ती गर्भजलात उतरते, तेच पाणी बाळ पुन्हा गिळतं. म्हणजे आईची उतरल्यावरही त्याची मागे रेंगाळते.

पण एवढी शास्त्रं बाजूला ठेवली तरी आपल्या भागातली खरी अडचण वेगळीच आहे. आमच्याकडे दारू मोजून कोण घेतं? हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडाच्या रसाची पहिल्या धारेची. लिंबू, मीठ, मिरची आणि लिम्का घातला की सरबतासारखी लागते, आणि मार्च ते मेमध्ये ती पाहुणचाराचाच भाग असते. तिची ताकद 15 टक्क्यांच्या आसपास, घरागणिक कमी-जास्त. ग्लासात 150 मिली हुर्राक ओतली असेल तर त्यात सुमारे 18 ग्रॅम अल्कोहोल झालं. व्हिस्कीचा 30 मिलीचा छोटा पेग सुमारे 10 ग्रॅमचा असतो. म्हणजे सरबतासारखा लागणारा तो एक ग्लास जवळपास दोन पेगांचा, आणि जाऊबाईंच्या जुन्या इंग्रजी मर्यादेच्याही वरचा. फेणी याहून कितीतरी कडक, 40 टक्क्यांच्या पुढे. स्ट्राँग बिअरची 650 मिलीची 8 टक्क्यांची बाटली एकटीने संपवली तर 41 ग्रॅम, म्हणजे चार पेग. 'बिअरच तर आहे' म्हणणाऱ्यांना हा आकडा जरूर सांगा.

माडीचं आणखी वेगळं. मडक्याला चुना लावून पहाटे उतरवलेली ताजी नीरा गोड असते. आपल्या दमट हवेत ती काही तासांतच आंबायला लागते. सकाळची आणि संध्याकाळची माडी एक नसते, आणि हातात आलेला ग्लास नेमका कुठल्या वेळचा हे ओतणाऱ्यालाही सांगता येत नाही. 'नैसर्गिक आहे, थंड असते' हे ऐकून गरोदर बायकांना माडी पाजतात. नारळाच्या झाडावरून आली म्हणून अल्कोहोल वेगळं होत नाही. नीरेसारखी तहान भागवायची तर शहाळं आहे की.

'वायच घेतलंस तर काय जाता, शेवटच्या महिन्यांत काय्येक होवचा नाय' असं सांगणारी आत्या किंवा मावशी प्रत्येक घरात असते. चेहरा आणि अवयव घडतात ते पहिल्या तीन महिन्यांत, हे खरं. मेंदू मात्र नऊही महिने वाढत असतो, उलट शेवटच्या तीन महिन्यांत फार झपाट्याने. म्हणून सुरक्षित महिना असा नाही. जुन्या पिढीचा यात फार दोषही नाही. 1960-70 च्या दशकांत अवेळी आलेल्या कळा थांबवायला अमेरिकेत डॉक्टर स्वतः शिरेतून अल्कोहोलचं सलाईन लावत असत. ते केव्हाच बंद झालं, पण 'डॉक्टरसुद्धा देतात' एवढं लोकांच्या बोलण्यात राहून गेलं.

आता बारीकसारीक, कारण दारू टाळणाऱ्या बायकाही इथे अडखळतात. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच करतात, त्यांत स्वतःहून तयार झालेलं अल्कोहोल असतं आणि त्याचं प्रमाण बाटलीवर छापलेलं असतं. दशमूलारिष्ट बाळंतिणीला द्यायची पद्धत आहे, म्हणून गरोदरपणातही आधीपासून सुरू करणाऱ्या आहेत. वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, दुकानदाराला गरोदर आहे म्हणून सांगून घ्या. नाताळचा रम केक रम वरून ओतलेला असेल तर सोडा. आंबोळी, इडली, पाव, सोलकढी, कोकम सरबत यांचं मनात आणू नका, पोटभर खा-प्या. आंबवलेल्या पिठाच्या भीतीने आंबोळी सोडणारी एक भेटली होती. बिचारी नऊ महिने नाश्त्याला पोहे खात बसली.

गटारीला तुमच्यावर आग्रह होणारच. तो मोडायचं काम तुमच्या नवऱ्याचं, तुमचं नाही. 'डॉक्टरांनी बंद केलंय' एवढं त्यांनी एकदा मोठ्याने सांगितलं की पुढे कुणी बोलत नाही. ते स्वतःही त्या दिवशी घरात राहिले आणि तुमच्यासोबत कोकम सोडा प्यायले, तर सासूबाईंना केवढं बरं वाटेल. जाऊबाईंनाही दुखवायची गरज नाही. 'तुमच्या वेळी तसं होतं, 2016 पासून तुमच्याच सरकारने बदललंय' असं सांगा.

हे वाचणाऱ्यांत एखादी रोज घेणारी असेल, तर तिला वेगळं सांगते. रोजची आणि जास्त प्रमाणातली सवय असेल तर एका दिवसात तोडू नका. अंग थरथरणं, झटके येणं असं होऊ शकतं, आणि ते तुम्हाला व बाळाला दोघांनाही धोक्याचं. सरकारी रुग्णालयात जाऊन स्पष्ट सांगा, किंवा 14446 या व्यसनमुक्तीच्या मोफत क्रमांकावर आधी बोला. लाज वाटली म्हणून महिने घालवू नका, कुठल्याही महिन्यात थांबलं तरी बाळाचा फायदाच आहे.

बाळंतपणानंतरचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पाळणा हलायच्या आत कुणीतरी बाळंतिणीसाठी चमचाभर ब्रँडी घेऊन येईल. दूध वाढेल, अंग शेकेल म्हणतील. दूध वाढत नाही, उलट सुटायला अडखळतं. रक्तात जेवढी दारू तेवढी दुधात, आणि रक्तातली उतरल्याशिवाय दुधातली उतरत नाही. काढून फेकल्याने लवकर साफ होत नाही. एका छोट्या पेगामागे दोन तास तरी जायला हवेत. सर्दी झाली म्हणून बाळाच्या छातीला ब्रँडी चोळायला तर अजिबात देऊ नका, त्याची कातडी पातळ असते आणि ती दारू शोषून घेते. वाटी घेऊन आलेल्या माणसाला वाटी परत द्या. बहुधा त्याला स्वतःलाच हवी असते.