इन्स्टावरून हँडमेड चांदीची ठुशी घेऊ का?

घ्या की, पण आधी डीएममध्ये विचारा, ९२.५ चांदी (म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी) आहे की जर्मन सिल्व्हर? जर्मन सिल्व्हरमध्ये सिल्व्हर फक्त नावात, असतं सगळं तांबं, जस्त आणि निकेल, आणि निकेलने काहींच्या मानेला जाम खाज सुटते (माझी दोन दिवस लाल होती, तेव्हा अक्कल आली). आणि ऑक्सिडाइज्ड हा मुद्दाम काळपट केलेला फिनिश आहे हो, धातू नाही, दोन्हीवर करतात, म्हणून नुसतं 'ऑक्सिडाइज्ड' लिहिलेलं वाचून चांदी धरून चालू नका. ९२.५ मध्ये बाकीचं बहुतेक तांबंच असतं, त्यामुळे ती काळी पडली म्हणजे फसवलं असं नाही, टूथपावडरने मात्र घासत बसू नका, चरे पडतात.

वजन ग्रॅममध्ये लिहून घ्या, दोरा आणि खडे सोडून. किमतीतून तेवढ्या चांदीचा भाव काढला की उरते ती मुख्यतः मजुरी, आणि हाताने एकेक मणी गुंफलाय तर ती जास्तच असणार, तिथे घासाघीस करू नका प्लीज. माप देऊन बनवून घेतलं तर परत घेतात का तेही विचारा, बरेचजण नाही घेत. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

कोल्हापूरकडे असाल तर सरळ हुपरीला जा, चांदीचंच गाव आहे ते.